सपाट पाटीला फुटलेला कंठ

थर्माकोलची एक पाटी, साधारण दोन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद. दोरीने छताला टांगलेली. पाठीमागे मुठीत मावेल एवढा एक्सायटर चिकटवलेला आणि त्याच्या दोन वायरी अ‍ॅम्प्लिफायरला गेलेल्या. खोकं नाही, कागदी शंकू नाही, पुढे जाळी नाही. गाणं लावलं की ही पाटी गाऊ लागते, आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास उठून तिच्या मागे काय दडलंय ते बघून येतो. आवाज पाटीतून निघतोय असं वाटतच नाही. तो पाटीच्या आसपासच्या हवेत कुठेतरी उमटतो. समोरून बाजूला सरका, पार भिंतीला टेकून उभे राहा, तरी तंबोऱ्याची जवारी आणि झांजांची किणकिण तेवढीच स्पष्ट राहते. नेहमीच्या स्पीकरसमोरून असं बाजूला गेलं की वरचे स्वर आधी मालवतात.

अशा पाट्या घरी बनवता येतात, खर्चही बेताचा येतो. पण त्या वाजतात कशा हे कळलं की आपण आजवर स्पीकर म्हणून जे समजत होतो त्याची सगळी मांडणीच उलटी होते.

नेहमीच्या स्पीकरपासून सुरुवात करू. आज घराघरात असलेल्या स्पीकरचा मूळ आराखडा जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. चुंबकाच्या खाचेत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला जोडलेला शंकू. प्रवाह बदलला की वेटोळं पुढे-मागे होतं आणि शंकू हवा ढकलतो. यात अपेक्षा अशी, की शंकू अखंड, एकसंध हलला पाहिजे. त्याचा प्रत्येक भाग एकाच क्षणी पुढे, एकाच क्षणी मागे. खालच्या स्वरांना तो तसा वागतो. स्वर चढले की मात्र शंकू स्वतःच वाकायला लागतो. मधला भाग पुढे येत असताना कड मागे जाते. अभियंते याला ब्रेकअप म्हणतात आणि गेली शंभर वर्षं त्याच्याशी झगडतायत. कागदाऐवजी केव्हलार, अ‍ॅल्युमिनियम, कार्बन फायबर; एका स्पीकरऐवजी दोन किंवा तीन, मोठा खर्जासाठी आणि छोटा तारसप्तकासाठी. एवढा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: हलणारी वस्तू वाकता कामा नये.

सपाट पॅनेल वाकण्यावरच जगतं.

एक्सायटर म्हणजे शंकू काढून टाकलेला स्पीकरच. वेटोळ्याची कडी पाटीला चिकटते आणि चुंबकाचा जड गोळा मागे लोंबकळत राहतो. आपल्या जडत्वामुळे तो फारसा हलत नाही, म्हणून वेटोळ्याला पाटी ढकलायला आधार मिळतो. ढकलणं तरी केवढं? डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. त्या जागी पाटी किंचित वाकते आणि चादर झटकल्यावर सरसरत जाणाऱ्या लाटेसारखी ती वाक चारी बाजूंना पळत सुटते. कडेला पोचते, परत फिरते, मागून येणाऱ्या लाटांना भेटते, आणि बघता बघता पाटीचा सगळा पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्या-खळग्यांनी भरून जातो. इथे एकसंध हलणारं काहीच नाही. पाटीचा प्रत्येक तुकडा वेगळ्या लयीत आहे, आणि त्या सगळ्यांच्या बेरजेतून लताबाईंचा आवाज जसाच्या तसा बाहेर पडतो. मला याचं नवल अजून संपलेलं नाही.

या लाटा हवेतल्या आवाजासारख्या वागत नाहीत. हवेत सगळे स्वर एकाच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणूनच लांबून येणारी मिरवणूक ऐकताना ढोल आणि ताशा एकाच ठेक्यात कानावर येतात. पाटीतली वाकण्याची लाट मात्र वारंवारता चौपट झाली की दुप्पट वेगाने धावते. हवेनं हाच नियम पाळला असता तर गल्लीच्या टोकाला वाजलेला ताशा आधी पोचला असता आणि ढोल मागाहून.

दुसरी गोष्ट मला याहून सुंदर वाटते. शंकूला जितक्या झपाट्याने हलवायला जावं तितकं त्याचं वजन आडवं येतं. पण पातळ, चारी बाजूंना अमर्याद पसरलेला पत्रा कल्पना करा आणि त्याला एका बिंदूत ढकला. त्याचा विरोध खर्जाला जेवढा, तेवढाच तारस्वराला. वारंवारता त्या सूत्रात येतच नाही. येतं ते फक्त पत्र्याचं वजन आणि ताठपणा. म्हणजे खालपासून वरपर्यंत ऊर्जा सारख्याच सहजतेने पाटीत शिरते. आपली पाटी अमर्याद नसते, तिला कडा असतात, त्यामुळे चढउतार येतात. पण तिच्यात कंपनांची दाटी पुरेशी असली की ती त्या आदर्श पत्र्याच्या बरीच जवळ जाते. खर्ज, मध्य आणि तार हे वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देण्याची गरज इथे खूपच कमी होते, ती यामुळे.

या शोधाचा उगम इंग्लंडमधल्या फार्नबरोचा. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेत केन हेरन विमानांत वापरायच्या हलक्या, मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या संमिश्र तक्त्यांचा ध्वनीच्या अंगाने अभ्यास करत होते. आतला गोंगाट कमी कसा करता येईल हा प्रश्न होता. त्यातून उमगलं ते उलटंच: एका मर्यादेपलीकडे ताठ आणि हलका तक्ता आवाज अडवण्याऐवजी फार चांगला पसरवतो. हेरन यांच्या नावे १९९० च्या दशकाच्या आरंभी पेटंट आलं. ते व्हेरिटी या ब्रिटिश समूहाने घेतलं. तिथे हेन्री अझीमा, नील हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं गणित पक्कं केलं आणि १९९६ साली एनएक्सटी या नावाने हे तंत्र जगासमोर आलं. २०१७ मध्ये सोनीने ब्राव्हिया मालिकेतला एक ओएलईडी टीव्ही आणला, त्यात पडद्यालाच मागून कंपनं देऊन आवाज काढला होता. बोलणाऱ्याच्या ओठांतून आवाज येतोय असं वाटतं, कारण ओठ जिथे दिसतात ती काचच थरथरत असते.

पाटी कशी थरथरते हे डोळ्यांनी बघता येतं आणि त्याला लागते फक्त रांगोळी. तीन मिलिमीटरचा प्लायवूड घ्या, एक्सायटर खालच्या बाजूला चिकटवा आणि प्लाय स्पंजच्या तुकड्यांवर आडवा ठेवा. वरून चिमटीने रांगोळी भुरभुरवा, पातळ, सगळीकडे सारखी. मोबाइलवर एकच स्वर काढणारं अ‍ॅप असतं, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि शंभर हर्ट्झच्या आसपासून हळूहळू वर जा. मधल्या बऱ्याच जागी रांगोळी नुसती थरथरते, काही होत नाही. मग एखाद्या स्वराला अचानक कण उड्या मारत पळायला लागतात आणि दोन-तीन सेकंदांत प्लायवर ठसठशीत रेषा उभ्या राहतात. एक वळसा, दोन कमानी. आणखी वर गेलात की ती नक्षी मोडते, थोडा वेळ सगळा गोंधळ होतो आणि पुढची नक्षी जमते, आधीपेक्षा बारीक. हजारच्या पुढे रेषा इतक्या दाटतात की कणांना थारा उरत नाही.

अशी प्रत्येक नक्षी म्हणजे प्लायचा एकेक कंपनप्रकार. ज्या रेषांवर रांगोळी साठते त्या निस्पंद रेषा, तिथे प्लाय हलत नाही. जिथून ती पळाली ते प्रस्पंद. आता रेषेवर बोट टेकवा: आवाजात काही फरक पडत नाही. तेच बोट मोकळ्या जागेवर ठेवलंत की स्वर एकदम दबतो. नक्षीकडे नीट पाहिलंत तर ती एका दिशेने ताणलेली दिसेल. प्लायच्या वरच्या थराचे रेषे ज्या दिशेने जातात त्या बाजूला तो जास्त ताठ असतो. डोळ्यांना न दिसणारा तो फरक रांगोळी काढून दाखवते.

जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ साली अशाच आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्याकडे वाळू होती आणि व्हायोलिनचा गज, पत्र्याच्या कडेवर ओढायला. १८०९ मध्ये त्यांनी हा प्रयोग नेपोलियनला दाखवला. नेपोलियन इतका भारावला की या आकृत्यांचं गणित सांगणाऱ्याला पॅरिसच्या विज्ञानसंस्थेतर्फे बक्षीस जाहीर झालं. ते सोफी जर्मेन यांनी तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ साली मिळवलं. स्त्रियांना विद्यापीठाची दारं बंद असलेल्या काळात घरच्या घरी शिकलेली ही गणिती. आज पॅनेल बांधणारा माणूस ज्या समीकरणांच्या जोरावर आकडे मांडतो त्यांचा पाया तिथे घातला गेला.

इथे आपल्या तबल्याची आठवण होणं साहजिक आहे. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी पटत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला सूर नसतो. तबल्यावर शाई चढली की चित्र पालटतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली याविषयी लिहिलं, आणि पुढे १९३४ मध्ये कातड्यावर वाळू पसरून तिच्या आकृत्यांनी दाखवून दिलं की शाईच्या वजनामुळे नऊ निरनिराळे कंपनप्रकार एकमेकांच्या जवळ सरकतात आणि मूळ स्वराच्या पटीतल्या पाचच स्वरांत जमा होतात. तबला सुरात लागतो तो या जमवाजमवीमुळे. पॅनेल बनवणाऱ्याला नेमकं याच्या विरुद्ध हवं असतं. त्याच्या पाटीचा स्वतःचा असा सूरच असता कामा नये. कंपनं जितकी पांगलेली, जितकी एकमेकांपासून सारख्या अंतरावर, तितकी पाटी निर्लेप. जे येईल ते गाईल, स्वतःचं काही मिसळणार नाही. शाई भरणारा कारागीर आणि पॅनेल जुळवणारा माणूस एकाच विद्येची दोन टोकं धरून बसलेले आहेत.

पांगवायचं कसं? आधी आकार. चौरस पाटी टाळा, कारण तिच्यात उभी आणि आडवी कंपनं एकाच स्वरावर येऊन बसतात आणि तो स्वर ठणकतो. मग एक्सायटरची जागा. मन सांगतं बरोबर मध्यावर लावा. तिथेच सगळ्यात मोठं नुकसान आहे. पाटीच्या चार कंपनप्रकारांपैकी साधारण तिघांची निस्पंद रेषा मध्यातून जाते. तिथे कितीही ढकललं तरी ते जागे होत नाहीत. एनएक्सटीच्या पेटंटांमध्ये सगळ्या दिशांना सारखा ताठ असलेल्या तक्त्यासाठी बाजूंचं प्रमाण १:१.१३४ दिलं आहे, आणि एक्सायटरसाठी एका बाजूच्या ३/७ आणि दुसऱ्या बाजूच्या ४/९ अंतरासारख्या जागा. मध्याच्या जवळ, पण मध्यावर नाही. बरेच हौशी लोक सोनेरी गुणोत्तराचा आग्रह धरतात. माझ्या मते त्या आकड्यात कसलीही जादू नाही. मध्य आणि सोपे अपूर्णांक टाळले की निम्मं काम झालं. पक्कं चिकटवण्याआधी गाणं चालू ठेवून एक्सायटर हाताने दाबत दोन-चार बोटं इकडेतिकडे सरकवून पाहा. फरक लगेच कळतो.

पाटी कशाची? ताठ आणि हलकी, या दोनच अटी. त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत, म्हणून विमानवाल्यांनी पोळ्याचा गाभा शोधला: मधे पोकळ, हलका भाग, दोन्ही अंगांना पातळ, ताठ कातडी. घरी तोच प्रकार थर्माकोल आणि फेव्हिकॉल यांतून साधतो. थर्माकोल बारीक, घट्ट दाण्यांचा बघून घ्या; बोटाने दाबल्यावर भुगा होणारा नको. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा, म्हणजे वरची तुकतुकी जाते. मग फेव्हिकॉलमध्ये जवळजवळ तेवढंच पाणी घालून ब्रशने पातळ हात द्या, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिलात तर तो वाळताना आकसतो आणि पाटी वाकडी होते. वाळल्यावर नख वाजवून बघा: आधी भसाडा, मेलेला आवाज येत होता, आता कडक टकटक येईल. एक्सायटर चिकटवायला दुहेरी टेप किंवा इपॉक्सी घ्या. रबराचं सोल्यूशन किंवा अ‍ॅसिटोन असलेलं काहीही वापरू नका, थर्माकोल त्यात विरघळून जातो.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्याआधीच्या मखरांचे मागचे मोठे तक्ते कित्येक घरांत अजून माळ्यावर आहेत. कचऱ्यात जाऊन शेकडो वर्षं तसंच पडून राहणाऱ्या या वस्तूला याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. ते नसेल तर फ्रिजच्या खोक्यातला तक्ता, गच्चीवर उन्हासाठी घालतात तो एक्सपीएस, किंवा तीन मिलिमीटरचा प्लाय. प्लायला एक ऊबदार रंग येतो आणि वरचे स्वर थोडे मंदावतात. कंठसंगीताला तो चालतो. सतारीला मला थर्माकोलच आवडतो.

खर्जाच्या बाबतीत मात्र पाटीकडून फार मागू नये. कारण तिच्या गणितातच आहे. साठ बाय पन्नास सेंटिमीटरच्या तीन मिलिमीटर प्लायमध्ये ढोबळ हिशेबाने दर वीस-पंचवीस हर्ट्झला एक कंपनप्रकार येतो, आणि ही दाटी खाली-वर सगळीकडे जवळपास सारखीच असते. आपला कान मात्र सप्तकांत ऐकतो. ५००० ते १०,००० हर्ट्झ या एका सप्तकात दोनशेच्या वर कंपनप्रकार मावतात, तर १०० ते २०० या सप्तकात जेमतेम चार-पाच. वर घनदाट रान, खाली विरळ झाडं. त्यात पाटीची पुढची आणि मागची बाजू उलट हवा ढकलते, आणि लांबच्या लहरी कडेवरून वळसा घालून एकमेकींना मिटवतात. म्हणून पाटी भिंतीला चिकटवून न टांगता दोन-तीन फूट पुढे ठेवायची, आणि १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं काम एका सबवूफरकडे सोपवायचं. त्याने पाटीला कमीपणा येत नाही. उलट खर्जाच्या धक्क्यांतून सुटल्यावर ती वर कितीतरी मोकळी गाते.

आता जुळवणी. सगळ्यात आधी बोटाच्या पेराने पाटीवर जागोजागी टकटक करा आणि ऐका. एखाद्या कोपऱ्यात ‘टंग’ असा रेंगाळणारा आवाज आला तर तो कोपरा गोलसर कापा किंवा कडेला खिडकीच्या फटींना लावतात तशी फोमची पट्टी चिकटवा. फोम फार नको. चारी बाजूंनी गच्च आवळलेली पाटी मुकी होते. मग एखादा स्वर गाण्यात सारखा पुढे येत असेल तर तो अ‍ॅपवर शोधून काढा, रांगोळीने किंवा नुसत्या बोटाने त्याचा प्रस्पंद हुडका, आणि तिथे मेणाची वाटाण्याएवढी गोळी चिकटवा. त्या स्वराची जागा सरकते, शिखर बसतं. शाईचंच तत्त्व, उलट हेतूने वापरलेलं.

वरच्या टोकाला एक गंमतशीर अडचण भेटते. एक्सायटरच्या वेटोळ्याची कडी बहुधा पंचवीस मिलिमीटर व्यासाची असते. त्या कडीच्या आत पाटीची जी चकती उरते ती स्वतःच एका छोट्या खंजिरीसारखी वाजते, बहुतेक वेळा दहा हजार हर्ट्झच्या आसपास. ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले तर संशय तिच्यावर घ्यावा. उपाय पुन्हा मेणाचाच: चकतीच्या बरोबर मध्यावर, समोरच्या बाजूने, गव्हाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा वजनाने व्यंजनांची धार मवाळ होते हे ऐकल्याशिवाय पटत नाही. चुंबकाचा गोळा महिनोन्महिने लोंबकळून पाटीला ओढत राहतो, तेव्हा मागे एक लाकडी पट्टी देऊन त्याचा भार तिच्यावर घ्या.

मोजमाप करायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे संगणकावर फुकट मिळणारं साधन पुरेसं आहे. पण माइक एकाच जागी ठेवून आलेला आलेख बघून घाबरू नका. तो करवतीच्या दातांसारखा दिसेल, कारण पाटीच्या असंख्य तुकड्यांचे आवाज त्या एका बिंदूत कुठे जुळतात, कुठे कापले जातात. माइक वीतभर हलवा, सगळे दात जागा बदलतात. आठ-दहा जागांची सरासरी काढली की रेघ शांत होते, आणि दोन्ही कानांनी, डोकं हलवत, खोलीत फिरत ऐकणाऱ्या माणसाला जे ऐकू येतं त्याच्या ती बरीच जवळ असते. इक्वलायझरची कळ फिरवायची ती या सरासरीकडे बघून, आणि तीही थोडीच. अरुंद दात एकेक करून घासत बसलात तर एका खुर्चीपुरतं सपाट संगीत मिळेल आणि बाकीची खोली बिघडेल. रुंद, सलग उंचवटा दिसला, विशेषतः तीनशे ते हजार हर्ट्झच्या मधे, तर तो दोन-तीन डेसिबलने उतरवा. मग ओळखीचा एखादा आवाज लावा, शक्यतो नुसता बोलणाऱ्या माणसाचा. बोलण्यातला नाकातला सूर किंवा डब्यातून आल्यासारखा घुमारा कान आधी पकडतो, आणि तो गेला की त्या पाटीवर गाणं लावायला हरकत नाही.